अनवाणी निघालेली गेर्डा



लहान मुलांना काळोखाच्या, भीतीच्या गोष्टी सांगाव्यात की नाही, हा प्रश्न आपल्या आज्यांना कधी पडला नाही. राक्षस, हडळ, सावत्र आई, सगळ्यांना त्या खुशाल घरात आणत आणि मुलांना कुशीत घेऊन झोपवीत. प्रश्न पडतो तो आपल्यासारख्या चार बुकं शिकलेल्यांना. मलाही पडला होता, आणि त्या पायी मी एका वर्गात फजीत झालो. ती हकिकत मी सांगणारच आहे. पण ती जिच्यामुळे घडली, त्या मुलीची ओळख आधी करून द्यायला हवी. तिचं नाव गेर्डा.

ही गेर्डा डेन्मार्क देशातली. हॅन्स ख्रिश्चन अँडरसन या लेखकानं 1844 सालच्या डिसेंबरात ‘हिमराणी’ची गोष्ट प्रसिद्ध केली, त्या गोष्टीची ही नायिका. गोष्ट सात भागांची आहे. शेजारशेजारच्या दोन घरांच्या माळ्यांवर दोन गरीब कुटुंबं राहतात. एका घरी गेर्डा, दुसऱ्या घरी एक मुलगा. त्या मुलाचं नाव ‘काय’. आता वर्गात “त्याचं नाव काय?” “काय!” एवढं झालं की पुढची पाच मिनिटं हशात जातात. म्हणून मी त्याला ‘काई’ म्हणतो. तुम्हीही तसंच करा.

दोन्ही घरांच्या छपरांमधल्या पन्हळीवर मातीनं भरलेल्या लाकडी पेट्या. त्यांत थोडी भाजी आणि एकेक गुलाबाचं झाड. हीच मुलांची बाग आणि हेच अंगण. हिवाळ्यात खिडकीच्या काचांवर बर्फ धरे. मग मुलं तांब्याचं नाणं शेगडीवर तापवून काचेला लावीत. तेवढा गोल वितळला की त्या भोकातून एकमेकांकडे बघत.

आता काळोख कुठून आला तो ऐका. एका सैतानानं एक आरसा बनवला होता. त्यात चांगलं ते आक्रसून नाहीसं व्हायचं आणि वाईट तेवढं मोठं दिसायचं. तो आरसा आभाळातून पडून फुटला. त्याचे वाळूच्या कणाएवढे तुकडे जगभर उडाले. कुणाच्या डोळ्यात गेला, तर त्याला सगळ्यातलं वैगुण्यच दिसू लागे. काळजात गेला, तर काळजाचा बर्फ होई. काईला दोन्ही लागले, एक डोळ्यात आणि एक काळजात.

गुरुजी, पुढचं नीट ऐका. कुसळ गेल्यावर काई मूर्ख झाला नाही. उलट हुशार झाला! गुलाबातली कीड त्याला तेवढी दिसू लागली. आजीचा चष्मा लावून तो तिची हुबेहूब नक्कल करी. गल्लीतल्या प्रत्येकाच्या चालण्याबोलण्याची टर उडवी, आणि लोक म्हणत, काय तल्लख पोरगा आहे! असा एखादा मुलगा आपल्या वर्गात असतो. आपणही त्याच्या नकलेला हसतो. त्याच्या डोळ्यात काही गेलं असेल, असं आपल्या मनात येत नाही.

मग हिमराणी आली. तिकडे बर्फावरून ओढायच्या बिनचाकी गाड्या असतात. आपल्याकडची पोरं जशी चालत्या बैलगाडीला मागून लोंबकळतात, तशी तिकडची पोरं आपली छोटी गाडी मोठ्या गाडीला बांधतात. काईनं आपली गाडी एका पांढऱ्याशुभ्र गाडीला बांधली. ती सुटेना. गावाबाहेर गेल्यावर गाडीतली बाई वळली. ती हिमराणी होती. तिनं त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं. क्षणभर त्याला वाटलं, आता मरतो. आणि मग त्याला थंडी वाजायचीच थांबली. गारपिटीतली गार मुठीत धरून ठेवली, तर आधी बोचते, मग हात बधिर होतो, आणि बधिर झाल्यावर काहीच दुखत नाही. तसंच हे. दुसऱ्या चुंबनानं तो गेर्डाला, आजीला, घराला विसरला. तिसरं तिनं घेतलं नाही, कारण त्यानं तो मेलाच असता.

इकडे गावात सगळे म्हणाले, पोरगा नदीत बुडाला. गेर्डानं हिवाळाभर रडून घेतलं. मग ऊन पडलं. ती उन्हाला म्हणाली की काई मेला. उन्हाला ते पटेना. ती पाकोळ्यांना म्हणाली. त्यांनाही पटेना. शेवटी तिचं तिलाच पटेनासं झालं. आशा म्हणतात ती अशी आली. छाती पुढे काढून कुणी शपथ घेतलेली नाही. एक दिवस ऊन पडलं, एवढंच. पहाटे झोपलेल्या आजीचा मुका घेऊन, नवे लाल जोडे घालून ती एकटी नदीवर गेली. काईला परत दिलंस तर हे जोडे तुझे, असं सांगून तिनं आपली सर्वांत आवडती वस्तू पाण्यात टाकली. नदीनं ते जोडे काठाला परत आणून दिले. मुलगा तिच्याकडे नव्हताच, तर मोल कसं घेणार? ते आणखी आत टाकावेत म्हणून गेर्डा एका होडीत चढली. होडी बांधलेली नव्हती. प्रवास सुरू झाला तो असा, आणि अनवाणी.

आपल्या आयाबहिणी वटपौर्णिमेला सावित्रीची कथा ऐकतात. तीही गेलेल्या माणसाच्या मागोमाग चालत गेली. पण सावित्रीनं यमाला बोलण्यात जिंकलं. गेर्डाजवळ ती चतुराई नाही. तिला एकच गोष्ट येते. भेटेल त्याला ती विचारते: तुम्ही काईला पाहिलंत का? फुलांना विचारते, कावळ्याला विचारते. चुकीची माहिती मिळते, तिथवर जाते, काई तिथं नसतो, पुन्हा निघते. एका म्हातारीच्या जादूच्या बागेत तर तिचा अख्खा उन्हाळा जातो. म्हातारी दुष्ट नाही, तिला फक्त सोबत हवी आहे. ती सोन्याच्या कंगव्यानं गेर्डाचे केस विंचरते आणि गेर्डा सारं विसरते. गुलाब दिसला तर हिला काई आठवेल, म्हणून म्हातारी बागेतले गुलाब जमिनीत गडप करते. पण तिच्या स्वतःच्या टोपीवर रंगवलेला गुलाब पुसायचा राहून जातो! तो पाहून गेर्डा रडते. आसवं पडतात तिथून गुलाबाचं झाड पुन्हा वर येतं, आणि ते गुलाब सांगतात की मेलेली माणसं जमिनीखाली असतात, आम्ही तिथूनच आलो, काई तिथं नव्हता. गेर्डा बाहेर धावते तो शरद ऋतू लागलेला.

इथं ती माझी हकिकत सांगतो. मी एका लहान गावात चौथीला शिकवीत होतो. वर्गातल्या एका मुलाचा बाप त्याच वर्षी वारला होता. गोष्ट सांगताना तो समोर बसलेला. मला धीर होईना. मी गावकरी म्हणतात ते बुडण्याचं गाळलं, तिसऱ्या चुंबनाचं गाळलं, गुलाबांचं गाळलं. काई गावाला गेला आणि गेर्डा त्याला आणायला निघाली, अशी गुळगुळीत गोष्ट करून टाकली. ती संपल्यावर तोच मुलगा उभा राहिला. म्हणाला, “गुरुजी, तो गावालाच गेला होता, तर ही एवढी रडली कशापायी?”

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी सगळी गोष्ट पुन्हा सांगितली, काही न गाळता. गुलाबांचं बोलणं आलं तेव्हा त्यानं विचारलं, “काई तिथं खाली असता, तर त्या फुलांनी तसं सांगितलं असतं?” मी म्हटलं, “हो, सांगितलं असतं.” “मंग बरं,” म्हणाला आणि खाली बसला. मागाहून मला कळलं की घरच्यांनी त्याच्या धाकट्या बहिणीला, बाप मुंबईला गेलाय, असं सांगून ठेवलं होतं. ती रोज संध्याकाळी एस.टी.च्या थांब्यावर जाऊन बसे. आणि हे खोटं सांभाळायचं काम या नऊ वर्षांच्या मुलाकडे होतं.

अँडरसनला हे ठाऊक होतं, कारण तो अशाच घरात वाढला. 1805 साली ओडेन्स गावी त्याचा जन्म झाला. बाप चांभारकाम करी, आई लोकांचे कपडे धुई. बाप सैन्यात गेला आणि खचलेल्या प्रकृतीनं परत आला. एका हिवाळ्यात खिडकीच्या काचेवर बर्फाची नक्षी उठली होती. तीत हात पसरलेल्या बाईचा आकार दिसत होता. तो दाखवून बाप थट्टेनं म्हणाला की ही मला न्यायला आलेली दिसते. 1816 साली तो खरोखरच वारला. मुलगा अकरा वर्षांचा. रात्रभर एक रातकिडा किरकिरत होता. आई त्या किड्याला म्हणाली की आता हाका मारू नकोस, त्याला हिमकन्या घेऊन गेली. हे सारं अँडरसननं आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. आणि छपराच्या पन्हळीवरची ती मातीची पेटी? ती त्याच्या आईची होती. तेवढीच तिची बाग. ती बाग ‘हिमराणी’त अजून फुलते आहे, असंही त्यानं नमूद केलं आहे. एकाच पडक्या घरातून त्यानं बर्फ घेतला आणि गुलाबही घेतला.

आता गेर्डाच्या मागोमाग जाऊ. वाटेत एका राजकन्येनं तिला सोन्याची गाडी आणि उबदार बूट दिले. दरोडेखोरांनी ती गाडी लुटली, गाडीवानाला मारलं. सरदारणीची मुलगी हातात सुरी घेऊन झोपणारी, हट्टी, आडदांड. पण गेर्डाची हकिकत ऐकून तिनं आपलं पाळलेलं रेनडियर सोडून दिलं. रेनडियर म्हणजे बर्फाच्या मुलखातलं सांबरासारखं जनावर. त्याच्या पाठीवर बसून गेर्डा पार उत्तरेला लॅपलंडात गेली. तिथल्या लोकांना आता सामी म्हणतात. तिथं एका म्हातारीनं पुढच्या म्हातारीसाठी निरोप लिहिला तो सुक्या माशावर, कारण घरात कागद नव्हता. दुसरीनं तो तीनदा वाचला, पाठ केला आणि मासा कालवणात टाकला. तिच्या घरी काही वाया जात नसे! इथं मुलं पोट धरून हसतात. एवढ्या काळोखात हसूही आहे, ते विसरू नका.

त्या दुसऱ्या म्हातारीला रेनडियर म्हणालं की या पोरीला बारा माणसांचं बळ येईल असं औषध दे. म्हातारीनं नकार दिला. तिचं म्हणणं असं, की हिच्याजवळ आहे त्याहून मोठं बळ मी कुठून देऊ? माणसं आणि जनावरं हिच्या कामाला कशी धावतात, अनवाणी ही केवढी वाट चालून आली, दिसत नाही का? आणि हे हिला सांगू मात्र नका.

गेर्डा बूट आणि हातमोजे तिथंच विसरून हिमराणीच्या महालात शिरली. तुम्हाला वाटेल, आता लढाई होणार. तर हिमराणी घरीच नाही! ती उष्ण देशांतल्या ज्वालामुखींवर बर्फ शिंपडायला गेली आहे. काई थंडीनं काळानिळा पडून बर्फाचे तुकडे जुळवतो आहे. त्यातून ‘अनंतकाळ’ हा शब्द जुळला, तर राणी त्याला सारं जग आणि बर्फावर घसरायच्या नव्या खडावा देणार आहे. किती दिवस झाले, तो शब्द जुळत नाही. गेर्डानं त्याला मिठी मारली. तिचे ऊन ऊन अश्रू त्याच्या छातीवर पडले. काळजातलं कुसळ विरघळलं. मग तोही रडला आणि डोळ्यातलं कुसळ त्याच्या अश्रूंबरोबर वाहून गेलं. दुसऱ्याच भागात पाहा, तापल्या नाण्यानं काचेवरचा बर्फ असाच वितळत होता.

हिमराणी मरत नाही. फुटलेल्या आरशाचे बाकीचे तुकडेही वाऱ्यावर आहेतच. गेर्डानं जगातला काळोख संपवला नाही. त्यातून एका माणसाला बाहेर काढलं आणि हात धरून घरी आणलं. आजी तिथंच बसलेली, घड्याळ तसंच टिकटिकतं आहे. दारातून आत जाताना दोघांच्या ध्यानात आलं, की आपण मोठे झालो.

अँडरसननं दरवेळी असा शेवट केलेला नाही. 1845 साली त्यानं लिहिलेली काड्यापेट्या विकणारी मुलगी थंडीनं मरते. म्हणून गेर्डाच्या आशेवर आपला विश्वास बसतो. मुलं मरू शकतात हे माहीत असलेल्या माणसानं ती लिहिली आहे.

तेव्हा गुरुजींनो, बाईंनो, ही गोष्ट सात दिवस सांगा, रोज एक भाग. पहिल्या दिवशी आरसा फुटेल तिथंच थांबा, आणि मुलांना रात्रभर विचार करू द्या. बर्फ कधी न पाहिलेल्या मुलांच्या हातावर गोळेवाल्याकडचा एक खडा ठेवा आणि तो वितळेपर्यंत धरायला सांगा. सातव्या दिवशी तात्पर्य विचारू नका. वर्गात एखादं मूल गप्प बसलेलं असेल, तर त्याच्यासाठी म्हणून गोष्टीतलं काही गाळू नका. ते बहुधा आपल्याहून पुढचं जाणतं.

तो मुलगा गोष्टीच्या दुसऱ्या दिवशी शाळेत उशिरा आला. मी कारण विचारलं. म्हणाला, बहिणीला सगळं सांगितलं. ती लई रडली, म्हणून थांबलो. मी हजेरी मांडली आणि त्याला बसायला सांगितलं. त्या संध्याकाळी थांब्यावर कुणी नव्हतं.