वकीलपत्रावर सही घेण्याआधी

विधी पदवीधर झालेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

सनद हातात पडायला अजून अवकाश आहे, पण प्रश्न त्याची वाट पाहणार नाहीत. लग्नाच्या मांडवात, एस.टी.त, सोसायटीच्या जिन्यात कोणीतरी तुम्हाला बाजूला घेईल आणि म्हणेल, "वकिली शिकलात ना? एक विचारायचं होतं." राज्यघटनेच्या मूलभूत चौकटीबद्दल कोणी विचारणार नाही. विचारतील ते घर आणि पोलीस ठाणे यांच्यामध्ये अडकलेल्या माणसाचे प्रश्न. आज त्यांच्याबद्दलच बोलतो.

"नवऱ्याने नांदायला यायची नोटीस पाठवलीय. नाही गेले तर पोलीस धरून नेतील का?" नाही नेणार. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 खाली न्यायालय नांदायला जाण्याचा हुकूम करू शकते. तो पाळला नाही तर मालमत्तेवर टाच येऊ शकते, आणि वर्षभर सहवास सुरू झाला नाही तर घटस्फोटाला एक कारण मिळते. तुरुंग मात्र नाही. हे उत्तर आज आपण सहज देतो, पण एकेकाळी ते वेगळे होते. 1884 मध्ये दादाजी भिकाजींनी पत्नी रखमाबाईंवर नांदायला येण्यासाठी दावा लावला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. पुढे अपिलात चक्र फिरले आणि 1887 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रखमाबाईंना सांगितले : नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. 1888 मध्ये तडजोड झाली, त्या इंग्लंडला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. नांदायला न जाणाऱ्यांसाठीची कैद कायद्यातून निघायला 1923 साल उजाडले. तरीही नोटीस पाहून बायका आजही घाबरतात, आणि ती घबराट हेरून नोटीस धाडणारे वकीलही आहेत.

दुसरा प्रश्न पुरुषही विचारतात, बायकाही. "स्टँप पेपरवर सोडचिठ्ठी झालीय, नोटरीचा शिक्काही आहे. आता दुसरं लग्न करायला हरकत नाही ना?" हरकत आहे, आणि मोठी आहे. हिंदू विवाह नोटरीच्या शिक्क्याने मोडत नाही. जमातीची रूढी असेल तर कायदा ती मानतो, पण ती न्यायालयात सिद्ध करावी लागते. एरवी हुकूमनामा हवाच. तो नसताना केलेले दुसरे लग्न रद्दबातल ठरते आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पाचशे रुपयांच्या कागदावर विसंबलेला माणूस कौटुंबिक न्यायालयाऐवजी फौजदारी न्यायालयात उभा राहतो.

तिसरा प्रश्न रात्री फोनवर येतो. "मारहाण झालीय, पण ठाण्यात म्हणतात, घरचं भांडण आहे, एन.सी. करून घेतो." एन.सी. म्हणजे अदखलपात्र नोंद. इथे तुम्हाला कायदा तोंडपाठ हवा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर नोंद करावीच लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 च्या ललिताकुमारी निकालात सांगितले. वैवाहिक वादात आधी थोडी चौकशी करण्याची मुभा त्यात आहे, टोलवाटोलवीची नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे घटना कोणत्याही हद्दीत घडली असली तरी माहिती घ्यावी लागते आणि तिची प्रत फुकट द्यावी लागते. ठाण्याने नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जा. बाईला शिक्षेपेक्षा छप्पर आणि संरक्षण हवे असेल, तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज तिला सांगा. त्यात नवऱ्याला लगेच बेड्या पडत नाहीत. संरक्षणाचा आदेश मोडला की मग गुन्हा होतो.

चौथा प्रश्न दुसऱ्या बाजूचा. "सुनेने चारशे अठ्ठ्याण्णव घातलंय. आम्हा सगळ्यांना उचलतील का?" 1 जुलै 2024 नंतरच्या घटनांसाठी सासरच्या छळाचे ते कलम आता न्याय संहितेत 85 झाले आहे, लोकांच्या तोंडी मात्र जुनाच आकडा राहणार. त्याची शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत अटक आपोआप होत नाही, कारण नोंदवावे लागते, असे 2014 च्या अर्नेशकुमार निकालाने बजावले. हजर राहण्याची नोटीस आली तर जा, लपू नका, एवढेच त्या घाबरलेल्या म्हाताऱ्यांना सांगायचे असते.

मित्रहो, या चारही उत्तरांत एक गोष्ट सारखी आहे : ती खरी दिली तर वकिलाची फी घटते. भीती तशीच ठेवली तर वाढते. पोटगी हवी असलेल्या बाईला "आधी फौजदारी ठोकू, मग झक मारत येतील" असा सल्ला देणारे तुम्हाला बार रूममध्ये भेटतील. लग्न होऊन परगावी गेलेल्या नणंदेचे नावही फिर्यादीत घाला, म्हणतील. असले एक खोटे नाव खऱ्या मारहाणीच्या फिर्यादीला दुबळे करते, आणि त्याची किंमत वकील नव्हे, ती बाई मोजते. पोटगीचा रस्ता सरळ आहे. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ठरवून दिले, की दोघांनीही आपली मिळकत शपथपत्रावर उघड करावी आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणे आहे. वकीलपत्रावर सही घेण्याआधी पक्षकाराला त्याच्या भाषेत तीन गोष्टी सांगा : कायदा त्याच्यासाठी काय करू शकतो, काय करू शकत नाही, आणि साधारण किती तारखा व किती पैसा लागेल. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता द्या. महिला, मुले आणि कोठडीतली माणसे यांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. इतके ऐकून माणूस खटला न करता घरी गेला, तर तुमचा पक्षकार गेला असे समजू नका. पुढच्या वेळी तो शेजाऱ्यालाही तुमच्याकडेच घेऊन येईल.