आधी मोजणी, मग युती
(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय अमेरिकेचा आहे. साल १९७२. मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेच साल. ज्यांच्या नावावरून आपण नाव घेतलं, त्या ब्लॅक पँथर पार्टीनं त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या एका उमेदवाराला जाहीर पाठिंबा दिला. ती एक काळी बाई होती. शर्ली चिझम. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत तिच्यासमोर जॉर्ज मॅकगव्हर्न होता, ह्यूबर्ट हम्फ्री होता. त्या वर्षी माझ्या हातात मतपत्रिका असती तर मी मत चिझमला दिलं असतं. का, ते सांगतो.

आधी प्रायमरी म्हणजे काय ते घ्या. तिकडे तिकीट वाटायला हायकमांड बसत नाही. पक्षाचे मतदार राज्याराज्यांत मत देतात, त्यातून प्रतिनिधी ठरतात आणि प्रतिनिधी अधिवेशनात उमेदवार निवडतात. विरोधी पक्षाशी सामना नंतर, नोव्हेंबरात. त्याआधी घरातल्या घरात ठरवायचं, आपल्या वतीनं लढणार कोण आणि कुठल्या मागण्या घेऊन.

हे आपल्याला परकं नाही. १९३२ च्या पुणे करारात अशीच प्राथमिक निवडणूक होती. राखीव जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडायचे, मग त्या चारांतून सगळ्यांनी मिळून एक. १९४५-४६ ला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशननं पहिल्या फेरीत जोर दाखवला. दुसऱ्या फेरीत सवर्णांची मतं पडली आणि फेडरेशन आपटलं. पण अस्पृश्य कुणाच्या मागे आहेत हे बाबासाहेबांनी ब्रिटिशांपुढं मांडलं ते पहिल्या फेरीच्याच आकड्यांवर. पहिल्या फेरीची किंमत ही असते.

आता माणसं बघू. मॅकगव्हर्न साउथ डकोटाचा गोरा सिनेटर. माणूस वाईट नव्हता. व्हिएतनाम युद्धाच्या ठाम विरोधात. १९६८ नंतर पक्षाचे नियम बदलणाऱ्या समितीचा तो अध्यक्ष होता. त्या नियमांमुळंच काळे, बाया, तरुण पोरं अधिवेशनात मोठ्या संख्येनं घुसले.

चिझम ब्रुकलिनची. बाप कारखान्यात मजूर. आई शिवणकाम करणारी, लोकांच्या घरी राबणारी. ती स्वतः बालवाडीत शिकवायची. १९६८ ला अमेरिकन काँग्रेसवर निवडून आलेली पहिली काळी स्त्री. शहरी वस्तीतून आलेल्या या बाईला शेतीच्या समितीवर टाकलं, तर सभागृहात उभी राहून भांडली आणि समिती बदलून घेतली. जानेवारी १९७२ मध्ये तिनं उमेदवारी जाहीर केली. पैसा नाही, यंत्रणा नाही. टीव्हीवरच्या वादसभेतून वगळलं, तर कायद्यानं लढून आपला वेळ मिळवला.

आणि काळे पुढारी काय करत होते? मार्चमध्ये इंडियानातल्या गॅरी शहरात काळ्यांचं मोठं राजकीय अधिवेशन भरलं. त्यानं कुणालाच पाठिंबा दिला नाही. बरेच पुढारी मॅकगव्हर्नकडे गेले, काही हम्फ्रीकडे. म्हणाले, ही जिंकणार नाही, मत वाया जाईल. ओठात हे. पोटात मात्र, बाई आमच्या पुढं कशी? काळी असण्यापेक्षा बाई असण्याचा जाच राजकारणात जास्त झाला, असं चिझमनं पुन्हा पुन्हा सांगितलंय. पोरांनो, हे नीट ऐका. आपल्या मोर्चात बाया किती असतात आणि व्यासपीठावर किती, हे एकदा मोजा.

आता ‘मत वाया’चा हिशेब करू. कॅलिफोर्नियात नियम असा, की पहिला येईल त्यानं सगळे प्रतिनिधी न्यायचे. मॅकगव्हर्ननं निम्म्याहून कमी मतांवर सगळे २७१ नेले. प्रतिनिधी हातात ठेवून अधिवेशनात अटी घालायच्या, हा चिझमचा बेत होता. तो फसला. जुलैत मायामी बीचला तिला १५२ मतं पडली, त्यातलीही काही हम्फ्रीनं मोकळ्या सोडलेल्या काळ्या प्रतिनिधींची. मॅकगव्हर्नला १,७०० च्या वर. त्याला तिची गरजच उरली नव्हती. गरज कशी उरणार? काळे पुढारी आधीच फुकटात त्याच्या दारात जाऊन बसले होते!

आणि हा ‘निवडून येणारा’ उमेदवार? नोव्हेंबरात निक्सननं ४९ राज्यं घेतली. मॅकगव्हर्नला एक मॅसेच्युसेट्स आणि राजधानीचं शहर. चिझमही हरलीच असती, मान्य. पण जिंकण्याच्या नावानं आपला माणूस सोडायचा आणि जिंकायचंही नाही, हा कुठला शहाणपणा?

चिझमची एक गोष्ट अनेकांना पचली नाही. वंशभेदाचा झेंडा मिरवणारा गव्हर्नर जॉर्ज वॉलेस त्याच प्रायमरीत उभा होता. मे महिन्यात त्याला गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हा ती त्याला बघायला दवाखान्यात गेली. तिचेच लोक भडकले. मीही भडकलो असतो. पण १९७४ मध्ये घरकाम करणाऱ्या बायांना किमान वेतन देणारा कायदा आला, तेव्हा वॉलेसनं दक्षिणेतली मतं वळवायला तिला मदत केली. ज्यांच्यासाठी ती लढत होती, त्यांच्या हातात पैसा पडला. तिनं आपली मागणी सोडली नव्हती, हे ध्यानात ठेवा.

पुढचं बघा. १९८४ आणि १९८८ ला जेसी जॅक्सन प्रायमरीत उभा राहिला. १९७२ ला तो मॅकगव्हर्नकडे होता. १९८८ ला लाखो मतांच्या जोरावर त्यानं पक्षाला नियम बदलायला लावला. सगळे प्रतिनिधी एकालाच मिळायचे ते बंद, मतांच्या प्रमाणात वाटणी सुरू. २००८ ला बराक ओबामा हिलरी क्लिंटनच्या पुढं राहिला, त्यात या नियमाचा मोठा हात होता. आणि बार्बरा ली. १९७२ ला कॅलिफोर्नियातली विद्यार्थिनी, निवडणुकीवर विश्वास नसलेली. चिझममुळं तिनं मतदार म्हणून नाव नोंदवलं आणि प्रचाराला लागली. सप्टेंबर २००१ मध्ये बुशला युद्धाचा अधिकार देणारा ठराव ४२० विरुद्ध १ असा पास झाला. तो एक म्हणजे बार्बरा ली. १५२ मतांतून हे उगवलं.

कुणी विचारेल, मग नोव्हेंबरात काय केलं असतंस? मॅकगव्हर्नला मत दिलं असतं. चिझमनंही त्यालाच पाठिंबा दिला होता. समोर निक्सन असताना घरात बसणं हा क्रांतिकारकपणा नव्हे. पण जूनमध्ये चिझम, नोव्हेंबरात मॅकगव्हर्न, हा क्रम उलटा करायचा नाही. आपली ताकद मोजायच्या आधीच जो युती करतो, त्याला समोरचा मोजतच नाही.

उद्या आपल्या वस्तीत चांगल्या मनाचा, चांगलं बोलणारा, ‘मीच निवडून येणार’ म्हणणारा कुणी येईल. त्याला चहा पाजा. त्याचं ऐकून घ्या. आणि विचारा, आमच्या मागण्या कुठल्या कागदावर लिहिल्यात, खाली सही कुणाची आहे?

जय भीम.