तालमीचे दफ्तर आणि खरे दफ्तर



शाळेच्या कचेरीत बसून मुलांची नावे संगणकात भरण्याचे काम आपल्यापैकी पुष्कळ शिक्षक मंडळींनी केले असेल. २०१५ साली सरल प्रणाली आली, तेव्हापासून तर ते अंगवळणीच पडले. पडद्यावर चक्र फिरत राहते आणि शेजारचे गुरुजी म्हणतात, "सर्व्हर डाऊन दिसतोय. रात्री बघा आता." हा सर्व्हर, त्यातले दफ्तर आणि त्या दफ्तराशी होणारी जोडणी यांविषयी आज बोलायचे आहे. या कामात माझे हात एकदा चांगलेच पोळले आहेत. ती हकीगत आधी सांगतो.

मी मिरजेत प्रोग्राम लिहिण्याचा व्यवसाय करतो. काही वर्षांपूर्वी एका शाळेसाठी प्रवेशाचा आणि हजेरीचा प्रोग्राम केला होता. अशा प्रोग्रामची माहिती जिथे साठते त्याला डेटाबेस म्हणतात. आपण त्याला दफ्तरच म्हणू या. ही दफ्तरे दोन ठेवावी लागतात, एक तालमीचे आणि एक प्रत्यक्ष प्रयोगाचे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सीतास्वयंवर केले ते शेजारच्या सांगलीत, तेव्हा तालीम आणि प्रयोग यांतला फरक आपल्या भागात समजावून सांगायला नको. तालमीत नट चुकला तर हसून पुन्हा सुरुवात करतात. माझ्या तालमीच्या दफ्तरातही बंडू आणि चिंगी अशी दोन खोटी मुले असत. प्रत्येक चाचणीच्या आरंभी प्रोग्राम ते दफ्तर रिकामे करी आणि ही दोघे पुन्हा भरी.

जून महिना होता, प्रवेशाची गर्दी. बुधवारी शाळेतून तक्रार आली की एका मुलीची जन्मतारीख चुकीची दिसते आहे. ती पाहण्यासाठी मी घरच्या संगणकावरचा प्रोग्राम थोडा वेळ खऱ्या दफ्तराला जोडला. तारीख दुरुस्त केली, चहा घेतला, आणि जोडणी परत फिरवायची विसरलो. संध्याकाळी नेहमीप्रमाणे चाचणी चालवली. प्रोग्राम बिचारा हुकमाचा ताबेदार!

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीतल्या बाईंचा फोन. "सर, पाचवीची पोरं दिसंनात. आठवीची बी न्हाईत. नुसतं बंडू आणि चिंगी हायेत."

दफ्तराची राखून ठेवलेली नक्कल होती, पण मागच्या शनिवारची. सोमवार ते बुधवारचे प्रवेश गेलेच. ते परत मिळाले शाईने लिहिलेल्या जनरल रजिस्टरमधून. दोन दिवस बाई वाचत होत्या आणि मी भरत होतो. त्या एका शब्दानेही रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे वाटले असते.

आता यात माझी चूक कोणती? विसरलो, ही एक झाली. पण माणूस विसरणारच. खरी चूक त्याच्या आधीची होती. प्रोग्रामला दफ्तर गाठायचे तर पाच गोष्टी ठाऊक असाव्या लागतात: सर्व्हरचा पत्ता, कोणत्या दाराने आत जायचे तो आकडा, दफ्तराचे नाव, वापरणाऱ्याचे नाव आणि पासवर्ड. या पाचही गोष्टी मी प्रोग्रामच्या मजकुरातच लिहून ठेवल्या होत्या. दफ्तर बदलायचे म्हणजे मजकूर खोडायचा, आणि काम झाले की आठवणीने पुन्हा लिहायचा.

आमच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा तयार होतो, तेव्हा कारागीर तो आपल्या पट्टीत लावून पाहतो. मैफलीत गवई आपल्या पट्टीत लावतो, कुणाची काळी एक, कुणाची पांढरी चार. त्यासाठी कुणी भोपळा उघडत नाही. खुंट्या बाहेर असतात, त्या पिळल्या की झाले. दफ्तराचा पत्ता आणि पासवर्ड या प्रोग्रामच्या खुंट्या आहेत. हेरोकू नावाच्या कंपनीतल्या ॲडम विगिन्स यांनी २०११ साली प्रोग्राम लिहिणारांसाठी बारा नियम मांडले, त्यांत हा एक आहे. त्याची कसोटी मला फार आवडते. तुमच्या प्रोग्रामचा सगळा मजकूर उद्या चव्हाट्यावर मांडला, तरी एकही पासवर्ड फुटता कामा नये.

मी आता तसेच करतो. मजकूर दोन्हीकडे एकच, पत्ते मात्र प्रत्येक यंत्रावर वेगळ्या छोट्या फाइलीत. तालमीच्या यंत्राला खऱ्या दफ्तराची किल्ली देतच नाही. खरे दफ्तर पाहायचेच झाले तर फक्त वाचण्याची परवानगी असलेल्या वेगळ्या नावाने जातो. शिवाय रिकामे करण्याचा हुकूम पाळण्याआधी प्रोग्राम दफ्तराचे नाव वाचतो, आणि त्यात तालीम हा शब्द नसेल तर तिथेच थांबतो.

दुसरी गोष्ट जोडण्यांच्या संख्येची. पोस्टग्रेस नावाचे दफ्तर पुष्कळ ठिकाणी वापरतात. ते मुळात एका वेळी १०० जोडण्या घेते, आणि प्रत्येक जोडणीसाठी सर्व्हरवर एक स्वतंत्र काम सुरू करते. मिरज जंक्शनात फलाट मोजकेच; पुढची गाडी हलली नाही तर मागची आउटरला उभी. प्रोग्राम प्रत्येक वेळी नवी जोडणी उघडील आणि मिटायची विसरेल, तर शंभर फलाट भरायला वेळ लागत नाही. मग आपल्या पडद्यावर ते चक्र! फलाट वाढवावेत म्हणाल, तर प्रत्येक जोडणी सर्व्हरची स्मृती खाते. त्यापेक्षा थोड्या जोडण्या कायम उघड्या ठेवून आळीपाळीने वापराव्यात, काम होताच परत कराव्यात. याला इंग्रजीत पूल म्हणतात. आपला कृष्णेवरचा पूल नव्हे बरे का, हे तळे. हा दोष तालमीत दिसत नाही, कारण तिथे वापरणारा मी एकटा. म्हणून तालमीच्या दफ्तराला मी पाचच जोडण्यांची मर्यादा घालतो. गळती असेल तर दोन मिनिटांत कळते.

हे फक्त माझ्यासारख्या लहान माणसाच्याच हातून होते असे समजू नका. गिटलॅब या सेवेवर जगभरचे प्रोग्रामर आपले काम ठेवतात. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या एका इंजिनिअराने राखीव सर्व्हरवरचे दफ्तर पुसायचे म्हणून मुख्य सर्व्हरवरचेच पुसायला घेतले. एकदोन सेकंदांत ध्यानात आले, तोवर सुमारे ३०० गिगाबाइट गेले होते. रोजची नक्कल निघत नव्हती, हेही तेव्हाच उघडकीस आले. वाचवले कशाने? सहा तासांपूर्वी तालमीच्या दफ्तरासाठी म्हणून एकाने सहज काढून ठेवलेल्या नकलेने. सहा तासांची माहिती मात्र गेली ती गेलीच.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या शाळेला कुणी प्रोग्राम करून द्यायला आला, तर त्याला विचारा: तालमीचे दफ्तर निराळे आहे का? त्यात आमच्या मुलांची खरी नावे आणि आधार क्रमांक तर नाहीत ना? पासवर्ड कुठे लिहिला आहे? नक्कल कधीची आहे, आणि ती उलगडून पाहिली होती का? तो चुळबुळू लागला तर जनरल रजिस्टर जवळच असू द्या.

त्या शाळेचे काम अजून माझ्याकडे आहे. मी फोन केला की बाई आधी एवढेच विचारतात, "सर, आज कुठल्या दफ्तरात हात घातलाय?"