‘मुका मार’ म्हणून सोडून देऊ नका
(श्रीवर्धन येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



हाडांचा विषय म्हटलं की प्लास्टर आठवतं. मी आज न मोडलेल्या हाडाबद्दल बोलणार आहे. हाडात जंतू शिरतात, पू होतो आणि हाडाचा तुकडा आतल्या आत मरतो. डॉक्टर याला ऑस्टिओमायलायटिस म्हणतात. मी हाडांची डॉक्टर आहे. आपल्या किनाऱ्यावरून उशिरा पोचलेली मुलं मी पाहिली आहेत. तो उशीर पुष्कळदा दोन शब्दांनी होतो : ‘मुका मार’.

सात-आठ वर्षांचा मुलगा खेळताना पडतो. दोन दिवसांनी गुडघ्याजवळ दुखायला लागतं, ताप चढतो, पाय टेकवत नाही. दादी म्हणते, मुका मार बसलाय, शेक द्या. कुणी तेल चोळतं, कुणी नजर उतरवतं. मेडिकलवाला तापाची गोळी आणि दोन दिवसांचं अँटिबायोटिक देतो. ताप उतरतो, घर सुटकेचा श्वास टाकतं. हाडातलं काम चालूच असतं.

हाडवैद्यांची मी टिंगल करणार नाही. रस्ते नव्हते तेव्हा गावाला त्यांचाच आधार होता. पण ताप असलेल्या मुलाचा दुखरा पाय चोळायला कुणाकडेही नेऊ नका.

हाड म्हणजे दगड नव्हे, त्यात रक्त खेळतं. मुलांच्या लांब हाडांच्या टोकाशी, जिथे वाढ होते, तिथे बारीक रक्तवाहिन्या वळण घेतात आणि रक्त संथ होतं. खाडीच्या वळणावर गाळ बसतो तसे रक्तातून आलेले जंतू तिथे बसतात. बहुतेक वेळा तो स्टॅफिलोकॉकस ऑरियस असतो. अनेकांच्या नाकात आणि कातडीवर तो एरवी निमूट राहतो. एखाद्या गळवातून, खरचटलेल्या जागेतून रक्तात उतरतो. कधीकधी वाट सापडतही नाही.

कातडीखाली पू झाला तर कातडी फुगते. हाड फुगत नाही. आत दाब वाढतो, रक्तवाहिन्या चेपतात आणि रक्त न मिळालेलं हाड मरतं. मग त्या मेलेल्या हाडावर जंतू चिकट थर करून राहतात, खडकावरच्या कालवांसारखे. कालवं भरतीच्या पाण्याने धुऊन जात नाहीत, टोचून काढावी लागतात. औषध रक्तातून जातं आणि मेलेल्या हाडात रक्तच नाही, म्हणून तो तुकडा ऑपरेशन करून काढावा लागतो. कुर्तुब्याचे अल्-जहरावी यांनी हजार वर्षांपूर्वी ‘अत्-तसरीफ’च्या तिसाव्या भागात, म्हणजे शस्त्रक्रियेच्या भागात, सडलेलं हाड कापून काढण्याबद्दल लिहिलं आहे. तेव्हा अँटिबायोटिक नव्हती. आज ती वेळेवर मिळाली तर पुष्कळ मुलांना चाकू लागतही नाही.

आता घरात भांडण होतं ती गोष्ट. एक्स-रे काढला, ‘नॉर्मल’ आला, सगळे परतले. पहिले दहा ते चौदा दिवस एक्स-रेमध्ये हाडाचा बदल बहुधा दिसतच नाही! रक्तातलं सीआरपी वाढतं, एमआरआयमध्ये आधी कळतं. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी जमेल तर कल्चरसाठी रक्त घ्यायला हवं, म्हणजे जंतू कोणता आणि कोणत्या औषधाला दबतो ते समजतं. दोन दिवसांच्या अर्धवट गोळ्या हा पुरावाच पुसून टाकतात. जंतू खुब्याच्या सांध्यात गेले तर काही दिवसांत कूर्चा खाऊन टाकतात, आणि वाढीचा भाग जळला तर पाय आखूड राहतो.

अंतर मला ठाऊक आहे. इथून दिघी, जंगल जेट्टीने आगरदांडा, मुरूड, मग अलिबागचं जिल्हा रुग्णालय. वडील कुवेतला, निर्णय फोनवर. तरीही ताप आणि पाय न टेकणं एकत्र दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. उपचार साधारण तीन ते सहा आठवड्यांचा असतो, आधी शिरेतून, मग तोंडाने. ताप चौथ्या दिवशी जातो, औषध नाही थांबवायचं.

अर्धवट सोडलं की नासूर होतो. नडगीवरचं एक भोक वर्षानुवर्षं वाहतं, बुजतं, पुन्हा फुटतं. बुजलं म्हणजे बरं झालं असं खलाशी मला सांगतात. बुजलेल्या कातडीखाली मेलेलं हाड तसंच पडून असतं.

हाडाचा टीबी याच्या उलट वागतो. तो सावकाश येतो, आणि निम्म्याच्या आसपास रुग्णांत मणक्यांत बसतो. महिनोन् महिने पाठ दुखते, रात्री जास्त, वजन उतरतं. खोकला नसतो, म्हणून टीबीची शंकाच येत नाही. मुलींच्या बाबतीत मला राग येतो. स्थळं यायची आहेत म्हणून दुखणं लपवलं जातं, आणि पायांतली ताकद गेल्यावर स्ट्रेचरवरून आणतात. छातीत टीबी नसेल तर हा आजार सहसा कुणाला लागत नाही. औषधं सरकारी केंद्रात मोफत आहेत, साधारण बारा महिने घ्यावी लागतात, आणि नोव्हेंबर 2024 पासून पोषणासाठी महिन्याला 1,000 रुपये मिळतात.

शेवटी घरातले मधुमेही. त्यांच्या पायाची जाणीव बोथट होते. माशाचा काटा रुततो, जखम हाडापर्यंत जाते, आणि दुखत नाही म्हणून ती क्षुल्लक वाटते. मग बोट, कधी पाऊल जातं. वजू करताना पाय दिवसातून पाच वेळा धुतले जातात, पाहिले किती वेळा जातात? बोटांमधली जागा कोरडी करा, तळवा बघा. आजोबांना वाकून दिसत नाही, त्यांचा तळवा तुम्ही बघा. काळपट डाग, पाणी, वास, काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवा.

आता तुमचे प्रश्न. मुलींनी आधी विचारा, नाहीतर वेळ संपतो.