धम्मलिपी आणि आपल्या विहाराची पाटी
(वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमानीवर विहाराचे नाव नव्याने रंगवायचे ठरले, तेव्हा पोरे म्हणाली, "काका, नाव धम्मलिपीत लिहू. आपली लिपी आहे." कमिटीत दोन रात्री वाद झाला. मी जरा जास्तच बोललो, म्हणून आज नीट सांगतो.

पोरांचे खोटे नाही. सोपाऱ्याला १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. कान्हेरीच्या लेण्यांत तर आपल्या कल्याणच्या दानकर्त्यांची नावे ब्राह्मीत कोरलेली आहेत. मध्ये कित्येक शतके ही लिपी कुणाला वाचता येईना. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने सांचीचे छोटे छोटे लेख ओळीने मांडले, तर बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरे! त्याने ताडले, हे 'दानं' असणार. म्हणजे लिपी उघडली ती साध्या दात्यांमुळे. (आपली वर्गणीची वहीसुद्धा जपा बरं का!)

अशोकाचा 'क' म्हणजे अधिकाची खूण, 'ग' म्हणजे झोपडीचे छप्पर, 'ठ' पूर्ण गोल. वर शिरोरेघ नाही. मिलमध्ये मी गाठींवर पत्र्याच्या स्टेन्सिलने अक्षरे मारली, त्यामुळे अक्षराचा सांधा मला कळतो. 'थ' म्हणजे गोलात टिंब. पत्रा कापला की टिंब गळून पडते!

पण माझी आई पन्नाशीत साक्षरता वर्गात अक्षर शिकली. तिला आपल्याच विहाराचे नाव वाचता येऊ नये? आपल्या बापजाद्यांना अक्षर नाकारले गेले, ते दुसऱ्यांनी. आता आपणच नाकारायचे? अशोकानेही बहुतेक लेख लोकांना कळणाऱ्या प्राकृतात कोरले. शेजारच्या सिंधी दुकानदाराची अरबी वळणाची वही त्याच्या नातवाला वाचता येत नाही, हे आपण रोज बघतो.

मग वस्तीतल्या एका मुलीने मधली वाट काढली. अक्षर देवनागरी, वळण धम्मलिपीचे. रेघ एका जाडीची, 'ब'चे पोट चौकोनी, शिरोरेघ नाही. पहिला नमुना आईला दाखवला. तिने वाचले, "घम्म." 'ध'च्या डोक्यावरची गाठ गेली होती ना! 'भ'चाही 'म' झालेला. गाठी परत आणल्या, तेव्हा आईने न अडखळता वाचले.

खाली बारीक अक्षरात धम्मलिपीही येईल. २०१० पासून ती युनिकोडमध्ये आहे, कॉम्प्युटरवर टाइप करता येते. मात्र आपल्या वळणाचा पूर्ण टाइप व्हायला जोडाक्षरे बाकी आहेत. 'द्ध' अजून बसत नाही. कुणाकडे जुन्या पाट्या, पत्रिका, फलकांचे फोटो असतील तर रविवारी वंदनेनंतर विहारात आणून द्यावेत. बघून झाल्यावर परत मिळतील.

जयभीम! नमो बुद्धाय!