कपाटाची किल्ली
(एका वाचनालयाच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



वाचनालयाच्या व्यासपीठावरून राजकारण बोलू नये, असा एक संकेत आहे. तो पाळण्याचा आमचा मानस होता. परंतु सीमाभागातील माणसाला तो पाळणे कठीण. घरी आलेली नोटीस वाचून घेण्यासाठी ज्याला शेजाऱ्याचे दार ठोठवावे लागते, त्याच्या घरात राजकारण सकाळच्या टपालाबरोबरच शिरते. तेव्हा आपली क्षमा मागून आम्ही ग्रंथ आणि राजकारण या दोहोंविषयी चार शब्द बोलणार आहोत. या दोहोंना जोडणारा धागा व्यक्तिस्वातंत्र्याचा आहे.

मराठी ग्रंथांचा आणि तुरुंगाचा ऋणानुबंध जुना आहे. 1882 साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले, आणि आगरकरांनी त्या दिवसांचेच पुस्तक केले. ‘गीतारहस्य’ मंडालेच्या कोठडीत लिहिले गेले, ‘श्यामची आई’ 1933 साली नाशिकच्या तुरुंगात. पुढे स्वराज्यातही कसोटीची वेळ आली. 1975 साली आणीबाणी चालू असता कऱ्हाडला साहित्य संमेलन भरले. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण हे केंद्रातील मंत्री होते. तरीही अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी लेखकाच्या स्वातंत्र्याचा उच्चार निर्भयपणे केला. सत्तेला देह कोंडता येतो. वाचलेले, विचार केलेले मन कोंडता येत नाही, हाच या सर्वांचा धडा आहे.

पण ही झाली थोरांची गोष्ट. तुमच्याआमच्यासारख्या सामान्यांचे स्वातंत्र्य तुरुंगाच्या दाराशी क्वचितच पणाला लागते. ते पणाला लागते कचेरीच्या खिडकीशी, शाळेच्या प्रवेशाच्या दिवशी, दुकानाची पाटी रंगविताना. 1 नोव्हेंबर 1956 रोजी आपला हा भाग, आपल्याला न विचारता, तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्याच दिवशी सातवी घटनादुरुस्ती अमलात आली आणि तिने घटनेत 350-अ हे कलम घातले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते कलम सांगते. मूळ 350 वे कलम तर प्रत्येक व्यक्तीला, संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत, आपले गाऱ्हाणे सरकारी अधिकाऱ्यापुढे मांडण्याचा हक्क देते. आम्ही आपणांस नम्रपणे विचारतो : आपल्यापैकी किती जणांनी हे कलम वाचले आहे? किती जणांनी त्याचा उल्लेख करून शुद्ध मराठीत एक तरी अर्ज दिला आहे? न वापरलेला हक्क गंजलेल्या सुरीसारखा असतो. घरात आहे म्हणायचे, पण भाजी चिरायची वेळ आली की कामाची नाही.

आणखी एक कटू गोष्ट बोलतो. महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात सीमाप्रश्नाचा दावा दाखल केला. तेथे विद्वान वकील आपली बाजू मांडतील. परंतु आपल्या नातवंडांना देवनागरी अक्षर लावता येते की नाही, याचा निकाल कोणतेही न्यायालय देणार नाही. वर्षातून एक दिवस काळा दिन पाळायचा आणि उरलेले दिवस वाचनालयाच्या कपाटाचे कुलूप उघडायचे नाही, हा कसला लढा? त्या कुलपाची किल्ली कोणा परक्या सरकारने नेलेली नाही. ती आपल्याच खुंटीवर टांगलेली आहे.

घरातील स्वातंत्र्याचेही तसेच. आम्हांला आमची भाषा निवडू द्या, असे आपण दिल्लीला ठणकावतो. आणि घरातील मुलीने काय वाचावे, किती शिकावे, कोणाशी लग्न करावे, हे मात्र तिला न विचारता ठरवितो. जो हक्क आपण राज्यकर्त्यांकडे मागतो, तो आपल्या माजघरात नाकारला तर मागणीचे तेज उतरते. आगरकरांनी नेमके हेच सांगितले, म्हणून त्यांना परक्यांपेक्षा स्वकीयांचाच छळ अधिक सोसावा लागला.

शेवटी आपल्या कानडी शेजाऱ्याविषयी. अण्णा, अक्का, तूप हे शब्द कानडीनेच आपल्या घरात आणले, आणि ते कधी परके वाटले नाहीत. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. ते कानडीचे महाकवी झाले आणि 1973 सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांनी कानडी प्रेमाने पत्करली, कोणाच्या हुकुमाने नव्हे. आमचे भांडण कानडीशी नाही, सक्तीशी आहे. उद्या हा भाग महाराष्ट्रात गेला, तर येथील कानडी मुलाच्या शाळेसाठी आणि कानडीतील अर्जासाठी आपणच पुढे उभे राहिले पाहिजे. तसे वचन आज मनोमन दिले नाही, तर आपली मागणी न्यायाची न राहता केवळ संख्येची उरेल.

म्हणून आमची विनंती लहानशीच आहे. आज घरी जाताना प्रत्येकाने एक पुस्तक न्यावे, आणि ते घरातील सर्वांत लहान वाचणाऱ्याच्या हाती द्यावे. ते त्याला अवघड गेले, तर जवळ बसून वाचून दाखवावे.