भावी सहकाऱ्यांस ओळख



नवे कार्य आरंभिणाऱ्या स्त्रीने भावी सहकाऱ्यांस आपली ओळख कशी करून द्यावी? ताराबाई मोडकांपाशी सांगण्याजोगे पुष्कळ होते: भावनगरास गिजुभाई बधेकांसमवेत केलेले कार्य, १९२६ साली स्थापिलेला नूतन बालशिक्षण संघ. परंतु १९४५ साली अनुताई वाघ बोर्डीस सहकारी म्हणून आल्या, तेव्हा त्यांच्या वाट्यास आले ते तेथील काम. मुले शाळेत येईनात, म्हणून शाळाच वस्तीतील अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. आधी मुलांस न्हाऊ घालावयाचे, मग गाणी!

आपल्या गावी बालवाडी काढू इच्छिणाऱ्या भगिनीने मदतनीस बाईंस हे न्हाऊ घालणे पहिल्याच भेटीत सांगावे. मध्येच सोडून जातात त्या बहुधा आधी न कळल्यामुळे. मानधन किती व कोणत्या तारखेस, हे विचारण्याची पाळी त्यांजवर येऊ देऊ नये.